गरम झाली की रुसणारी गाडी: नोंद तिसरी

मागच्या नोंदीनंतर गाडी अकरा वेळा रुसली, म्हणजे चालूच झाली नाही. मोजून अकरा, कारण आता डॅशबोर्डच्या खणात वही ठेवली आहे. दर वेळी इंजिन किती तापलं होतं, गाडी किती मिनिटं उभी होती, ऊन होतं का, टाकी किती भरलेली होती, एवढं लिहून ठेवतो. ही अक्कल आधी सुचली असती तर दोन महिने वाचले असते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी नव्वदच्या दशकातली, पेट्रोल, मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचा वेगळा फवारा), डिस्ट्रिब्यूटरवाली (प्लगना आळीपाळीनं स्पार्क वाटणारा भाग). तक्रारी दोन. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण पळवून आणून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की सेल्फ छान फिरतो आणि इंजिन पकडत नाही. अर्धा तास थांबा, जणू काही झालंच नव्हतं. दुसरी तक्रार, सपाट रस्त्यावर हलक्या पायानं चालवताना २,००० आरपीएमच्या आसपास झटका बसतो. क्षणभर पिकअप जातो आणि परत येतो. पाय दाबला तर झटका नाही.

दोन्ही दुखणी एकाच सुमाराला सुरू झाली, म्हणून मी मुळाशी एकच कारण असणार असं धरून बसलो होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, हे वहीनं दाखवलं. न सुरू होण्याच्या अकराही नोंदींत इंजिन तापलेलं आहे; झटक्यांच्या नोंदी मात्र उन्हाशी, तापमानाशी, पेट्रोलच्या पातळीशी, कशाशीच जुळत नाहीत.

बॅटरीचं प्रकरण पटकन उरकतो. उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, म्हणजे ठीक. पण सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजलं तर ०.७ व्होल्ट अर्थिंगच्या केबलमध्येच अडकत होते. ०.२ च्या वर गेलं की मी केबल सोडवतोच. टोकं घासून घट्ट केली, आकडा ०.०८ वर आला. सेल्फचा आवाज बदलला, जोमानं फिरायला लागला. मूळ दुखणं जिथल्या तिथं.

आता कबुलीजबाब. मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासानं क्रँक सेन्सरला (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या भागाला) दोषी ठरवलं होतं. थंड असताना रेझिस्टन्स ८६० ओहम, इंजिन तापल्यावर १,०६०. "बघा, गरम झाला की बिघडतो!" असं लिहून नवा सेन्सर मागवला, बसवला, आणि तिसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा रुसली. नंतर शांतपणे हिशेब केला. सेन्सरच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवरून ८० वर गेलं की ८६० चे १,०६० होणारच! निरोगी सेन्सर तसाच वागतो. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. जुना सेन्सर पुसून डब्यात ठेवला आहे, स्पेअर म्हणून.

तेव्हा ठरवलं की आता सुटा भाग काढून टेबलावर मोजायचा नाही. दुखणं उमटेल त्या क्षणी मोजायचं, आणि त्यासाठी मीटर आधीच जोडलेला हवा. मीटर कसला, एक छोटा १२ व्होल्टचा बल्ब. मागच्या सीटखाली फ्युएल पंपाचा कनेक्टर आहे, तिथल्या पॉझिटिव्ह वायरवरून एक तार काढली, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाकला आणि बल्ब स्टिअरिंगपाशी आणून टेपनं चिकटवला. पंपाला करंट मिळाला की बल्ब लागणार.

या बल्बची गंमत अशी की तो दोन प्रश्नांची उत्तरं देतो. किल्ली ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पंपाला साधारण दोन सेकंद करंट देतो आणि बंद करतो. सेल्फ मारल्यावर क्रँक सेन्सरचा सिग्नल आला तरच पुन्हा देतो. म्हणजे किल्ली ऑन केल्यावर बल्ब लागला पण सेल्फ मारताना नाही लागला, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. दोन्ही वेळा नाही लागला, तर रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), फ्यूज, किंवा तिथपर्यंतची वायर. दोन्ही वेळा लागला तरी इंजिन पकडत नसेल, तर स्पार्ककडे किंवा पेट्रोलच्या प्रेशरकडे वळायचं. सोबत एका प्लगच्या वायरमध्ये स्पार्क टेस्टरही लावून ठेवला, स्पार्क आला की तो चमकतो.

चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. (हेही ठरलेलंच.) पाचव्या दिवशी भर दुपारी, उन्हात बारा मिनिटं उभी केल्यावर किल्ली फिरवली आणि बल्ब काळाच. सेल्फ मारला, तरी काळा. टेस्टर मात्र लखलखतोय. स्पार्क आहे म्हणजे ईसीयू जागा आहे, क्रँक सेन्सरही बोलतोय. फ्यूज शाबूत. डॅशखाली हात घालून रिलेवर टिचकी मारली, बल्ब लागला, इंजिन चालू. मला हसू आवरेना.

रिले घरी आणून कव्हर काढलं. नुसत्या डोळ्यांना सगळं ठाकठीक. भिंग लावल्यावर सर्वांत जाड पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग दिसली. करंट जास्त वाहतो तिथला जोड रोज तापतो, निवतो, फुगतो, आकसतो. पंचवीस-तीस वर्षांत तो सुटणारच. आणि डॅशखालची जागा उन्हात उभ्या गाडीत अशी तापते की भेग उघडते. म्हणून अर्धा तास थांबलं, काचा खाली केल्या, की गाडी "बरी" व्हायची. जुनं सोल्डर पूर्ण काढलं आणि नवं भरलं. वरूनच थोडं चढवलं तर भेग पुन्हा उमटते, म्हणून हे नीट करा. मग रिले जागेवर बसवून हेअर ड्रायरनं तापवला आणि किल्ली वीस वेळा ऑन-ऑफ केली. बल्ब वीसही वेळा लागला.

झटक्यांकडे वळलो. प्लगच्या वायरींवर रात्री अंधारात पाण्याचा फवारा मारून पाहिला, कुठेही निळी ठिणगी पळाली नाही, म्हणजे वायरींतून करंट गळत नाही. मग थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडला ते व्होल्टमध्ये ईसीयूला सांगणारा. डिजिटल मीटर लावून पाय हळूहळू दाबला: ०.५ व्होल्टपासून ४.४ पर्यंत सुरळीत. इथेच मी फसलो असतो. डिजिटल मीटर सेकंदाला मोजकीच मापं घेतो, त्यामुळे क्षणभराची घसरण त्याच्या फटीतून निसटते. अडगळीतला काट्याचा जुना मीटर काढला आणि ०.९ व्होल्टच्या आसपास काटा दचकून खाली पडताना दिसला. मागे-पुढे दहा वेळा केलं, दर वेळी त्याच जागी. हलक्या पायानं चालवताना थ्रॉटल नेमका तिथेच असतो, म्हणून आतली कार्बनची पट्टी तिथेच झिजलेली. इंजिनाचा दिवा कधीच का लागला नाही तेही कळलं: एवढ्या क्षणिक घसरणीला माझा जुना ईसीयू दोष मानत नाही.

नवा सेन्सर बसवला. स्क्रूची भोकं लांबट असतात, त्यामुळे तो फिरवून बंद थ्रॉटलला जुनेच ०.५ व्होल्ट आणले. २,००० वरचा झटका गेला.

तीन आठवड्यांत गरम इंजिनावर एकदाही रुसवा नाही. बल्ब अजून काढलेला नाही, सवय झाली आहे त्याची. पण झटका गेल्यावर त्याच्या आड लपलेलं तिसरं काहीतरी वर आलं आहे: अगदी थंड इंजिनावर पहिल्या दोन मिनिटांत पाय दाबला की गाडी किंचित अडखळते. इंजिन किती थंड आहे ते ईसीयूला सांगणारा कूलंट टेंपरेचर सेन्सर २० अंशांना २.४ किलोओहम दाखवतोय, त्यात खोट दिसत नाही. आता संशय हवेच्या गळतीवर. येत्या रविवारी थंड इंजिन चालू करून इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटभोवती कार्ब क्लीनर (पेट घेणारा सफाईचा स्प्रे) थोडा थोडा फवारणार आणि आयडलिंग कुठे बदलतं ते पाहणार. अग्निशामक हाताशी ठेवून, अर्थातच. तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केटची कड जरा ओलसर वाटते आहे.