टाउन्स व्हॅन झँटची कबर शोधताय? कँटनला जाऊ नका

मुद्द्याचं आधी सांगतो: अमेरिकन गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झँटची कबर टेक्ससमधल्या व्हॅन झँट काउंटीत, म्हणजे तिच्या मुख्य गावात कँटनला, नाही. हे कळायला माझी एक रात्र, दोनशे दहा डॉलर आणि भाच्याची एक रजा खर्ची पडली. तुमची पडू नये म्हणून लिहितोय.

चूक माझीच. एका गायकाच्या आडनावाचा अख्खा जिल्हा आहे म्हटल्यावर तो तिथलाच असणार, असं मी धरून चाललो. काउंटी आहे त्याच्याच घराण्याच्या नावाची, पण ती आयझॅक व्हॅन झँटच्या स्मरणार्थ, १८४८ सालची. टेक्सस स्वतंत्र देश होता तेव्हा आयझॅक त्याचा वॉशिंग्टनमधला राजनैतिक प्रतिनिधी होता. आमचा टाउन्स जन्मला ७ मार्च १९४४ ला फोर्ट वर्थमध्ये, म्हणजे डॅलसच्या बरोब्बर उलट्या दिशेला.

वर मी गेलो कधी, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी. त्या दिवसांत कँटनला मोठा जुना बाजार भरतो, गुरुवार ते रविवार. लोखंडी खाटा, गंजलेल्या पाट्या, कोंबड्या, सगळं मिळतं. खोली मात्र मिळत नाही, आणि मिळाली तर अशी मिळते: पिवळा पडलेला टब, घरघरणारा एसी आणि भाडं दोनशे दहा. काउंटरवरच्या बाईंना टाउन्सबद्दल विचारलं तर त्यांनी मला बाजाराचा नकाशा दिला. कँटनबद्दल माझं मत: जुनी भांडी हवी असतील तर जा.

ह्यूस्टन आणि गॅल्व्हस्टन त्याआधी भाच्याच्या कुटुंबाबरोबर झालं. छान झालं, समुद्र होता, कोळंबी होती. ह्यूस्टनला काँग्रेस आणि ऑस्टिन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ओल्ड क्वार्टर ह्या जुन्या गाण्याच्या क्लबची इमारत बाहेरून बघा आणि पुढे व्हा. १९७३ च्या जुलैत तिथल्या खोलीत माणसं खच्चून बसली होती आणि टाउन्स एकटा गिटार घेऊन गायला. ते रेकॉर्डिंग बाजारात यायला १९७७ उजाडलं. त्याचं दुसरं काही ऐकलं नाहीत तरी ते ऐका.

गॅल्व्हस्टनच्या रुग्णालयापाशी मात्र मी थांबलो. १९६४ मध्ये, विशीतल्या ह्या पोराला आईवडिलांनी कॉलेजातून उचलून तिथे आणलं. मॅनिक डिप्रेशन (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) असं निदान झालं आणि तीन महिने इन्सुलिनचे शॉक, म्हणजे इन्सुलिन टोचून बेशुद्ध करायचे उपचार, दिले. त्यात त्याच्या लहानपणाच्या बऱ्याचशा आठवणी पुसल्या गेल्या. त्याच्या गाण्यांतली माणसं सारखी वाटेवर का असतात, घरी कुणीच का नसतं, ह्याचं उत्तर मला त्या भिंतीकडे बघताना मिळालं असं वाटलं. कदाचित उन्हामुळेही वाटलं असेल. आत जाऊ नका, बघायला काही नाही.

आता डायडोचं कब्रस्तान. खरी जागा ही. फोर्ट वर्थपासून साधारण वीस मैल वायव्येला, ईगल माउंटन तळ्याजवळ, मॉरिस डायडो न्यूअर्क रस्त्यावर. मी डॅलसजवळच्या आयर्विंगहून शनिवारी रेल्वेने फोर्ट वर्थला गेलो (रविवारी ती धावत नाही, लक्षात ठेवा) आणि तिथून अ‍ॅपवरून टॅक्सी केली, बेचाळीस डॉलर. ड्रायव्हरने फाटकापाशी सोडलं आणि तो गेला. त्याला जाऊ दिलं हा ह्या सहलीतला सगळ्यात मोठा गाढवपणा.

कबर लहान आहे. खाली आहे ती थोडी रक्षा. दगडावर नाव, तारखा आणि त्याच्याच एका गाण्याचं शीर्षक. कडेला कुणीकुणी ठेवलेल्या गिटारच्या तारा छेडायच्या चकत्या (पिक), नाणी आणि व्होडकाची तळहाताएवढी बाटली, अर्धी भरलेली. दारूने ज्याचं आयुष्य खाल्लं त्याला लोक दारूच वाहतात. मला राग आला. शेवटच्या दिवसांत खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं, तरी हा रुग्णालयात थांबला नाही. १९९७ च्या १ जानेवारीला टेनेसीत गेला, ५२ वर्षांचा. कंट्री गायक हँक विल्यम्स गेला तो १९५३ चा १ जानेवारीच. पिक ठेवा, बाटली नको.

वीस मिनिटांत बघून झालं. परतीची टॅक्सी मागवली तर अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग चाललो. ऑगस्ट, दुपारचा एक, चाळीस अंशांच्या पुढे. रस्त्याला पदपथ नाही. डांबराच्या कडेला एक पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडे गवताचा उतार. पिकअप गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात, म्हणून गवतात उतरलो, आणि तिथे लाल मुंग्यांचं वारूळ. मोज्याच्या वर सतरा चावे, रात्री मोजले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकावर पांढरा फोड. कुंपणाआडचे कुत्रे तुमच्याबरोबर पळत येतात आणि कुंपण संपेल तिथे काय होणार, हा विचार सोडत नाही. चांगली पर्वती चढणाऱ्या माणसाचा तिथे दीड तासात पार चोथा झाला. पेट्रोल पंपावर पोचलो तेव्हा बाटली तासाभरापूर्वीच संपलेली होती. तिथे भेटलेल्या एकाने फोर्ट वर्थपर्यंतचे पंच्याण्णव मागितले, रोख. दिले. तेव्हा दीडशेही दिले असते.

तेव्हा: गाडी भाड्याने घ्या. चालवता येत नसेल तर ड्रायव्हरला अर्धा तास थांबायचे पैसे आधीच ठरवा. पूर्ण विजार, घोट्यावर चढणारे बूट, दोन लिटर पाणी. ऑक्टोबरच्या आधी जाऊ नका.

परतताना गाडीत टाउन्सनेच लिहिलेलं 'पॅन्चो अँड लेफ्टी' लागलं, पण विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्डच्या आवाजातलं. १९८३ मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं ते हेच. चालक म्हणाला, विलीचं काय गाणं आहे! गाणं कुणाचं ते सांगायला मी तोंड उघडलं, पण घसा इतका कोरडा होता की नुसता खोकलाच आला.