पंचनामा नसलेली रहस्यकथा

आज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी आम्हा तिघांची उंबर्तो एको यांच्या १९८० सालच्या 'द नेम ऑफ द रोझ' या कादंबरीवरून चांगलीच जुंपली. मलपृष्ठावरचा खुनांचा मजकूर वाचून ती विकत घेतलेले आमचे निवृत्त फौजदार काका एस.टी.चे तिकीट खुणेला ठेवून शंभराव्या पानाशीच थांबले आहेत. प्रेत सापडल्यावर पंचनामा करायचा सोडून मठातले हे ख्रिस्ती साधू ख्रिस्ताच्या दारिद्र्यावर काय वाद घालतात, ही त्यांची तक्रार. वहिनींना मात्र १३२७ मधला तो मठ आणि त्यातले चक्रव्यूहासारखे ग्रंथालय इतके भावले की, खुनी कोण, याची त्यांना फारशी फिकीरच उरली नाही. शोध घेणारा विल्यम चुकीचे सूत्र धरून बरोबर माणसापर्यंत पोहोचतो, हेच मला कादंबरीचे मर्म वाटते. (काका फेसबुकवर नाहीत, म्हणून हे इथे लिहिले.)