करवती काठ, कोसा आणि सकाळचं ऊन

करवती काठाच्या कोसा (टसर रेशीम) साडीचा फोटो फसतो तो बहुतेक वेळा काठातच. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे हा काठ तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकत जातो, म्हणून करवतीसारखे दाते उमटतात. मॉडेल कितीही देखणी असो, दातेच दिसले नाहीत तर विणकराची मेहनत पाण्यात.

पॅरिसच्या कुतूरवाल्यांकडे, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचे उंची कपडे शिवणाऱ्यांकडे, कपडा अंगावर टाचून बेततात. साडीचं फिटिंग नेसण्यातच. अनवाणी फोटो असेल तर परकराची नाडीही अनवाणीच बांधायची. सँडल घालून नेसवली आणि मग काढली, की काठ मातीत लोळतो. निऱ्या सहा-सात, पाचेक इंचांच्या. पहिली निरी अर्धा इंच वर गेली तर पुढचे दाते पायऱ्यांसारखे चढत जातात. ओढून ते सरळ होत नाही, निऱ्या सोडून पुन्हा घ्याव्या लागतात. खांद्यावर सेफ्टी पिन नको, कोशाचा धागा ओढला जातो; आतून कच्चा टाका घाला. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून. पाणी मात्र शिंपडू नका, डाग राहतो.

आता ऊन. सूर्य वर आल्यावर पहिला दीड तास, तोही बाजूने. समोरून फ्लॅश मारला की कोशाची गाठीगाठीची पोत सपाट होते, साडी सिंथेटिक वाटते. सोनेरी रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) तर घरीच ठेवा. मुळात मधाच्या रंगाचा कोसा पितळेसारखा दिसायला लागतो. पांढरा थर्माकोल चार फुटांवर धरला तरी पुरे. धानाच्या बांधीला (भाताच्या शेताला) अगदी लागून उभं केलं तर हनुवटीखाली हिरवट झाक येते, आठ-दहा फूट पुढे या. सारवलेली भिंत याहून बरी, हिरवी झाक टाकत नाही. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड घ्या, नंतर रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड. उभ्या पोझला १/२५० सेकंदाचं शटर पुरतं, उडत्या पदराला १/१०००.

मॉडेलचं खरं काम हातात आहे. पदर मुठीत आवळला की दाते चुरगळतात. काठ दोन बोटांवर तोलायचा, कोपर कमरेपासून वीतभर दूर. काखेतला घाम टिश्यूने टिपायचा, पुसायचा नाही. मे महिन्यात हे सगळं करूच नये, हे माझं स्पष्ट मत.

शूट संपलं की कच्चे टाके कात्रीने कापा, ओढू नका. साडी सावलीत तासभर वाऱ्यावर ठेवा, मग जुन्या घड्या मोडून नव्या घाला.