एडिस्टनचा बुंधा

मराठीत दीपस्तंभ हा शब्द समुद्रापेक्षा सत्काराच्या भाषणांतच अधिक भेटतो. कोणाला ‘समाजाचा दीपस्तंभ’ म्हटलेले ऐकले की मला इंग्लंडच्या दक्षिणेला, प्लिमथसमोरच्या भर समुद्रातला एडिस्टनचा खडक आठवतो. भरतीला जवळजवळ दिसेनाशा होणाऱ्या या खडकावर आजवर जे मनोरे उभे राहिले, त्यांतला एक वाहून गेला, एक जळाला आणि एक उतरवावा लागला. सत्कारमूर्तींना हे ठाऊक असते, तर त्यांनी शाल घेताना थोडा विचार केला असता.

पहिला मनोरा हेन्री विन्स्टन्ली या हौशी, काहीशा विक्षिप्त माणसाचा. काम चालू असतानाच १६९७ मध्ये फ्रेंचांनी त्याला पकडून नेले, पण चौदाव्या लुईने त्याची सुटका केली. १६९८ मध्ये तेथे मेणबत्त्या पेटल्या. मोठ्यात मोठे वादळ आपण या मनोऱ्यात बसून पाहावे, अशी इच्छा तो बोलून दाखवत असे म्हणतात. नोव्हेंबर १७०३ मध्ये दुरुस्तीसाठी तो तेथे गेला असतानाच तसे वादळ आले आणि सकाळी खडकावर ना मनोरा उरला होता, ना विन्स्टन्ली.

दुसरा मनोरा रुडयर्ड नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्याने बांधला, बराचसा लाकडाचा. लाटांपुढे तो जवळपास अर्धशतक टिकला आणि १७५५ मध्ये आगीत गेला. हेन्री हॉल हा चौऱ्याण्णव वर्षांचा राखणदार वर पाणी फेकत असताना छपराचे वितळलेले शिसे त्याच्या तोंडात पडले. आपण शिसे गिळले आहे, हे त्याचे म्हणणे कोणाला खरे वाटेना. बारा दिवसांनी तो गेला, तेव्हा पोटातून शिशाचा गोळा निघाला. एवढे वय झालेल्या माणसाला त्या खडकावर नोकरी करावी लागत होती, हे मला त्या शिशाहून अधिक बोचते.

तिसरा मनोरा जॉन स्मीटनचा. ओकच्या झाडाचा बुंधा खाली रुंद आणि वर निमुळता असतो म्हणून वाऱ्याला पुरून उरतो, हे पाहून त्याने दगडी मनोऱ्याला तोच आकार दिला. खाचा पाडून दगड एकमेकांत असे गुंतवले की एकटा दगड हलवताच येऊ नये. खरी अडचण होती ती चुन्याची, कारण साधा चुना पाण्यात धरत नाही. निरनिराळ्या चुनखडी भाजून, कालवून पाहिल्यावर त्याला आढळले की जिच्यात चिकणमातीचा अंश असतो, तिचाच चुना पाण्याखालीही घट्ट होतो. पुढे सिमेंटपर्यंत गेलेली वाट या शोधातून निघाली. एवढ्या खटाटोपानंतर १७५९ मध्ये जो प्रकाश पडला, तो अवघ्या चोवीस मेणबत्त्यांचा होता.

शंभरहून अधिक वर्षांनी मोठ्या लाटेसरशी मनोरा हादरू लागला. तपासणीत दिसले की बांधकाम शाबूत होते, झिजला होता तो खालचा खडक. म्हणून जवळच जेम्स डग्लसने ४९ मीटर उंचीचा नवा मनोरा बांधला आणि १८८२ मध्ये तो उजळला. जुन्याचा वरचा भाग दगड दगड उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभारण्यात आला. डग्लसच्या मनोऱ्यात १९८२ पासून कोणी राहत नाही, दिवा आपोआप लागतो. शेजारी, भरवशाचा नाही म्हणून सोडलेल्या त्याच खडकावर, स्मीटनचा बुंधा अजून उभा आहे.