धरणावरची रेगाटा

यॉट क्लब म्हटलं की आपल्याकडं डोळ्यांसमोर येतं ते मुंबईचं गेट वे, पांढऱ्या पँटीतली साहेब मंडळी आणि आपल्याला आत कुणी सोडणार नाही अशी इमारत. त्यात खोटं काहीच नाही. तिथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, साहेबांनी साहेबांसाठीच काढलेला. इथं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या बेटावर काउजला १८२६ पासून रेगाटा (शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची जत्राच म्हणा) भरते, तिथंही पैशाचा झगमगाट भरपूर. पण मी ज्या क्लबात जाते तो समुद्रापासून लांब, लेस्टरजवळच्या एका लहान धरणावर आहे. पिण्याच्या पाण्याचं धरण, बरं का. क्लबघर म्हणजे एक लांबडी खोली, तिच्या एका टोकाला ओट्यावर किटली. चहा आपला आपण करायचा आणि कप धुऊन ठेवायचा.

होड्याही छोट्या. लेकीची ऑप्टिमिस्ट तर पाण्यावर ठेवलेली पेटीच वाटते: लांबी जेमतेम अडीच मीटर, एक शीड, एक सुकाणू, बसायला एक मूल. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं ती मुलांसाठी बनवली, प्लायवूडची, स्वस्तात व्हावी म्हणून. मोठी माणसं बहुतेक लेझर नावाच्या होडीत असतात. तिला आता आयएलसीए म्हणायचं असतं, पण काठावरचे जुने लोक ऐकत नाहीत.

जुलैमध्ये क्लबाची रेगाटा असते. आजूबाजूच्या क्लबांतून लोक गाडीमागं ट्रेलर लावून होड्या घेऊन येतात, गवतावर डोलकाठ्यांचं रान उभं राहतं. क्लबात पगारी माणूस नाही, म्हणून प्रत्येक सभासदाला वर्षातून काही दिवस ड्युटी करावी लागते. कुणी रेस्क्यू बोटीवर, कुणी स्वयंपाकघरात, कुणी शर्यतीच्या खोलीत. मला होडी हाकायची हौस नाही, पण ही खोली मात्र आवडते. खिडकीतून अख्खं पाणी दिसतं. हाताशी झेंडे, भोंगा आणि घड्याळ.

सुरुवातीचा विधी बघण्यासारखा. पाच मिनिटं आधी त्या जातीच्या होड्यांचा झेंडा वर आणि भोंगा. चार मिनिटं उरली की निळ्यावर पांढरा चौकोन असलेला झेंडा वर, पुन्हा भोंगा. एक मिनिट उरलं की तो खाली. शून्यावर पहिलाही खाली, की सुटली शर्यत. भोंगा वाजलाच नाही तरी चालतं, झेंडा खरा. आणि या पाच मिनिटांत होड्या जागेवर उभ्या नसतात. शिडाच्या होडीला ब्रेक कुठला? रेषेमागं सगळ्या घिरट्या घालत असतात, एकमेकांच्या अंगावर येत, आणि नेमक्या शून्याला भरवेगात रेषेवर यायचं हे प्रत्येकाचं गणित. कुणी सेकंदभर आधी ओलांडली तर आम्ही वरून निळ्या फुलीचा झेंडा दाखवतो, मग त्यानं मागं फिरून पुन्हा यायचं.

पहिला टप्पा नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. होडी सरळ वाऱ्याच्या दिशेनं जाऊच शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा डावीकडं, मग वळून उजवीकडं. कन्नडच्या औट्रम घाटात गाडी चढते तशी ती वाऱ्यावर चढते. होडीखाली एक उभी फळी असते, ती पाण्यात रोवलेली म्हणून होडी आडवी घसरत नाही. दोन होड्या समोरासमोर आल्या की ज्याच्या शिडाला वारा उजवीकडून लागतोय त्याचा हक्क आधी. तो ‘स्टारबोर्ड!’ (म्हणजे उजवी बाजू) म्हणून ओरडतो, दुसऱ्यानं वाट सोडायची. दहा वर्षांची पोरगी साठीच्या गृहस्थावर असं खेकसते आणि ते गुमान वळतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

याहून जास्त अप्रूप पंच नसण्याचं. पाण्यावर कुणी शिट्टी वाजवायला नसतो. धक्का लागला आणि चूक आपली असेल तर आपणच बाजूला होऊन होडीला दोन गोल फेरे मारायचे, हीच शिक्षा. मान्य नसेल तर दुसरा ‘प्रोटेस्ट’ म्हणून ओरडतो आणि संध्याकाळी क्लबघरात टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडून सुनावणी होते. वाद व्हायचे ते होतातच, माणसंच आहेत. तरीही कुणी बघत नसताना शांतपणे दोन फेरे मारणारेही मी खिडकीतून पाहिलेत.

निकालाचं काम माझ्याकडं असतं. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावतात, तेव्हा पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत वापरतात. प्रत्येक जातीला एक आकडा. लेझरचा अकराशेच्या आसपास, ऑप्टिमिस्टचा सोळाशेच्या पुढं. लागलेला वेळ गुणिले हजार, भागिले तो आकडा. लेझर ६६ मिनिटांत आली तर हिशेबाला ६० धरतात. ऑप्टिमिस्ट ९० मिनिटांनी आली तरी पंचावन्नच्या आसपास. म्हणजे चोवीस मिनिटं मागून आलेलं पोर जिंकलं. आपल्याकडच्या स्पर्धांत असं कधी झालं तर मारामारीच होईल.

रेगाटा दोन दिवसांत संपते, हंगाम मात्र एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळं बुधवारी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळची शर्यत. ऑगस्टच्या सुटीत मुलांचा आठवडा. त्यात पहिला धडा होडी उलटवायचा. मुद्दाम उलटवायची, खालच्या फळीवर चढून सरळ करायची, बादलीनं पाणी उपसायचं. आणि एक नियम शंभरदा सांगायचा: काहीही झालं तरी होडी सोडून काठाकडं पोहत निघायचं नाही. कधी फार ऊन पडलं की पाण्यावर निळंहिरवं शेवाळ येतं आणि सगळं बंद. १९ जुलै २०२२ ला इथं लिंकनशरमध्ये ४०.३ अंश तापमान झालं, देशातला विक्रम. बातम्यांतली घबराट बघून मी परभणीच्या मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, “चाळीस? मग स्वेटर काढलं का?”

तासाभरावर रटलंड वॉटर आहे, पृष्ठफळानं इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं धरण, १९७० च्या दशकातलं. त्यातही गावं गेली. नॉर्मंटनचं चर्च मात्र तळघरात दगड-काँक्रीट भरून वाचवलं, ते आज पाण्याच्या कडेला अर्धं बुडाल्यासारखं उभं आहे. ते पाहताना मला जायकवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन. माझ्या आजोळचं जुनं गाव त्याच नाथसागरात आहे. सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी! पण आम्ही लहानपणी त्या पाण्याला दोनच प्रश्न विचारले: किती टक्के भरलं, आणि नाशिकनं सोडलं का.

पैठणच्या मामाला लेकीचा व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. “पोरगी एकटी होडीत? अन् तुम्ही काठावर चहा पिता?”

“मामा, अंगात जाकीट असतं. मागं रेस्क्यू बोट फिरत असते.”

“हां. आपल्याकडं भोयांची पोरं थर्माकोलच्या चप्पूवर जाळं टाकायला जातात, त्यांना कोण जाकीट देतंय?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी भोपाळ काढलं. मोठा तलाव, तोही शहराला पाणी पाजणारा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथल्या अकादमीत शिकलेली देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर, शेतकऱ्याची मुलगी, २०२३ ला हांगझोच्या एशियाडमध्ये आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक घेऊन आली. मग पैठणला का नाही?

मामानं कारणं मोजून दाखवली, आणि ती फालतू नव्हती. मे महिन्यात पाणी इतकं मागं सरतं की गाळपेऱ्याच्या जमिनीतून चालत जावं लागतं, मग होडी उतरवायची कुठून? पाऊसकाळ संपता धरण भरतं, तर त्याच सुमारास परदेशी पक्षी यायला लागतात, आणि नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रटलंडला पश्चिमेकडचं टोक पक्ष्यांसाठी राखलंय, तसं वाटून घेता येईल, असं मी म्हटलं. मामा म्हणाला, वाटणी म्हटली की आधी मासेमारीचा हक्क निघेल, तो कुणाचा ते ठरव.

तरी त्यानं विषय सोडला नाही. चार दिवसांनी ओळखीच्या एका भोयाला जाऊन विचारलं, चप्पूला शीड लावून बघायचं का. तो म्हणाला, “शिडाचं राहू द्या मामा. जाकिटं मिळतात का तेवढं भाचीला विचारा.”