तुम्ही विचारलंत म्हणून: यात माझं काय?

"बेडूक ओरडतात, तू नुसता माइक लावून बसतेस, मग यात तुझं काय?" मी जंगलातले आवाज रेकॉर्ड करते आणि अंधाऱ्या खोलीत स्पीकर लावून लोकांना ऐकवते, तर घरचे विचारतात, कार्यक्रमाला आलेले विचारतात. आणि त्याला जोडूनच, "त्या आवाजाखाली जरा बासरी टाक ना, छान वाटेल." बासरी नाही टाकणार. का ते एकदा सविस्तर लिहून टाकते.

जुलैत आंबोलीला रात्री रेकॉर्डिंग करत होते. पाऊस नुकताच थांबलेला, पानांवरून गळणं चालू, आणि बेडकांनी असा कल्ला लावलेला की गेन, म्हणजे माइक आवाज किती मोठा पकडतो ते, खाली आणावा लागला. तेवढ्यात पायवाटेने कोणीतरी बॅटरी घेऊन आलं. आधी माइकजवळचे बेडूक गप्प झाले, मग मागचे, मग ओढ्यापलीकडचे. उरले थेंब आणि लांबचे रातकिडे. माणूस निघून गेला तरी बराच वेळ काहीच नाही. मग एकाने एकदाच टक् केलं, थांबला, परत केलं. दुसऱ्याने साथ दिली, आणि बघता बघता सगळे सुरू.

माझं काम त्या गप्प होण्याभोवती रचलेलं होतं. अंधारी खोली, चार कोपऱ्यांत स्पीकर. उद्घाटनाला आत जाऊन बसले, वाट बघतेय, बघतेय, आणि ती शांतता येतच नाही. साउंडवाल्याने सांगितलं, "मॅडम, मध्ये फाइल ब्लँक होती, जोडून घेतली." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मदतच केली होती त्याने. आयोजकांकडे गेले तर म्हणाले लोकांना वाटतं स्पीकर बंद पडला, उठून जातात, राहू दे असंच. मी भांडले, रडले, काम काढून घेते म्हणाले. नाही ऐकलं कोणी. शेवटच्या दिवसापर्यंत ते तसंच वाजत राहिलं आणि लोक मला येऊन सांगत होते, किती रिलॅक्सिंग आहे. अजून सलतं ते.

कारण जोडल्यावर उरलं ते नुसतं ओरडणं. बेडूक गप्प झाले म्हणून तर कळतं ना की तेही आपल्याला ऐकत होते! 

उपयोग काय, असंही विचारता. बर्नी क्राउझ हा मूळचा संगीतकार, नंतर माझ्यासारखाच जंगलांचे आवाज रेकॉर्ड करणारा. कॅलिफोर्नियातल्या लिंकन मेडोमध्ये त्याने 1988 मध्ये निवडक वृक्षतोडीच्या आधी आणि वर्षभराने तोडीनंतर परत रेकॉर्डिंग केलं. फोटोत जागा होती तशीच हिरवी. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पक्षी जवळजवळ गेलेले, ओढा आणि एका सुतार पक्ष्याची ठकठक तेवढी राहिलेली. डोळ्यांना जे दिसलं नाही ते कानाला कळलं, आणि कळलं ते वर्षभराने परत त्याच जागी जाऊन कान देऊन बसणारा कोणीतरी होता म्हणून. आता यात त्याचं काय, असं विचाराल का?

पण हेही सांगते. आधी मी ठणकावून सांगायचे की मी काही बदलत नाही, जंगल आहे तसं ऐकवते. एका मैत्रिणीने विचारलं, अख्खी रात्र तू काही मिनिटांवर आणलीस ती कशी? कापूनच ना? मग त्या साउंडवाल्यात आणि तुझ्यात फरक काय? मी म्हटलं, मी तिथे भिजत बसले होते, कुठलं शांत राहणं कशामुळे ते मला माहीत होतं. हे उत्तर मला तेव्हाही पुरेसं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही, पण दुसरं सापडलेलं नाही.

आता वटवाघळांवर काम चालू आहे. आवाज किती उंच पट्टीचा ते किलोहर्ट्झमध्ये मोजतात. आपल्याला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, बऱ्याचशा वटवाघळांचा आवाज त्याच्या कितीतरी वर. 45 किलोहर्ट्झचा आवाज दहापट हळू केला की साडेचारवर येतो, तेव्हा कुठे तो कानाला लागतो. मग तो वटवाघळाचाच राहतो का? पूर्वीच्या मला विचारलं असतं तर तिने हात लावू दिला नसता. मी हळू केलाय, आणि खोलीबाहेर पाटीवर तसं स्पष्ट लिहिणार आहे. आयोजक म्हणतात पाटी नको, जादू जाते. पाटी लागणारच.