मदरबोर्डवरचा रेड काढून एमडी-रेड बसवताना

सर्व्हर झिऑन ५५०० पिढीतला, चिप इंटेल आयसीएच१०आर, सहा साटा पोर्ट, प्रत्येकी ३ गिगाबिट. दोन टेराबाइटच्या दोन डिस्क बोर्डाच्याच रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा, अशा होत्या. लिनक्स वेगळ्या एसएसडीवर.

हा रेड हार्डवेअरचा नव्हे. काम प्रोसेसरच करतो, चिप फक्त बूटला मदत करते. रेड १ मध्ये त्याने वेग फारसा घटत नाही. खरा धोका सीमॉसच्या, म्हणजे बायोसची सेटिंग जपणाऱ्या, सीआर२०३२ सेलचा. जुन्या बोर्डावर तो संपला की बायोस डिफॉल्टवर जातो, साटा मोड रेडचा बदलून आयडीई किंवा एएचसीआय (डिस्क सुट्या चालवणारे मोड) होतो आणि दोन डिस्क सुट्या दिसू शकतात. त्या अवस्थेत एकीवर काही लिहिलं गेलं, तर दोन्ही प्रती वेगळ्या होतात. मोड पुन्हा रेड केला की बूट होताना कंट्रोल-आय दाबून उघडणारा रेडचा स्क्रीन मात्र ‘नॉर्मल’ दाखवतो, कारण डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांमधल्या मेटाडेटाला, म्हणजे रेडच्या नोंदीला, त्या लिखाणाचा पत्ताच नसतो. मग वाचन कधी या डिस्कवरून, कधी त्या, आणि फाइल सिस्टिम बिघडते. म्हणून मी हा रेड काढलाच आणि लिनक्सचा स्वतःचा सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडी-रेड, बसवला.

आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला आणि दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लिहून ठेवले. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. बायोसमध्ये एएचसीआय केलं. तरी इंटेलचा मेटाडेटा राहतो आणि लिनक्स त्यावरून एमडी१२६, एमडी१२७ नावांचे ॲरे (रेडचे डिस्कसंच) उभे करू शकतं, म्हणून आधी ॲरे थांबवून एमडीएडीएम या एमडी-रेडच्या कमांडच्या झिरो-सुपरब्लॉकने तो दोन्हींवरून पुसला. इथे फाइल सिस्टिमला धक्का लागत नाही. पहिली डिस्क रीड-ओन्ली माउंट केली. दुसरीवर नवं पार्टिशन करून एमडीएडीएमने रेड १ बनवला, पहिल्या डिस्कची जागा ‘मिसिंग’ लिहून तूर्त रिकामी ठेवली. नवा मेटाडेटा सुरुवातीला चार किलोबाइटवर बसतो, त्यामुळे जुनी फाइल सिस्टिम तशीच चालत नाही. नवी केली आणि आरसिंक या कॉपीच्या कमांडने पहिल्या डिस्कवरचा डेटा उतरवला. चेकसम जुळल्यावरच पहिली डिस्क ॲरेत घातली. सेकंदाला १२० मेगाबाइटने सिंकला साडेचार-पाच तास लागतात.

एक गोष्ट बहुतेकजण सोडतात. डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभरही अडते, लिनक्स ३० सेकंदांत हात झटकतं आणि डिस्क बाहेर पडू शकते. स्मार्टसीटीएल या कमांडने ईआरसी, म्हणजे खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झगडावं ती मर्यादा, ७० (७ सेकंद) ठेवा. पॉवर गेली की हे जातं, म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्कला ईआरसी नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद करा.